अक्कांच्या गाडीचं दुसरं भोक

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या अक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या माझ्या पार्किंगवरून. बंगळूरच्या महादेवपुऱ्यात आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. खांबांच्या मधे गाडी घालताना माझी मागे-पुढे, मागे-पुढे चाललेली कसरत त्या व्हरांड्यातल्या खुर्चीवरून बघत होत्या. शेवटी स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "स्टिअरिंग लवकर वळवतोस. खांब तुझ्या खांद्याशी येऊ दे, मग वळव."

मी तसं केलं आणि गाडी एका दमात आत गेली. इथे कुणी मराठीत सल्ला देईल ही अपेक्षा नव्हती. खाली उतरून बघतो तर खुर्चीला कुबडी टेकवलेली. उजव्या पायात लहानपणापासून पोलिओ. मी बावळटासारखं विचारलं, तुम्हाला ड्रायव्हिंगचं कसं माहीत?

"चालवत होते," त्या म्हणाल्या. "तुझ्यापेक्षा बरी."

अक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ व्हरांड्यात. चहा नको असेल तर त्या "स्वल्पच दे" म्हणतात आणि मग पूर्ण कप पितात. वयाची पंच्याहत्तरी ओलांडली आहे. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. मला त्या "पुणेकर" म्हणतात. त्या शब्दात कौतुक किती आणि टोमणा किती, याचं प्रमाण मला अजून काढता आलेलं नाही.

गाडीची गोष्ट त्यांनी हप्त्याहप्त्यानं सांगितली. त्यांचे वडील, अप्पा, एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. मुलीला कॉलेजात नोकरी लागली तेव्हा बसच्या पायऱ्या तिला चढता येईनात. अप्पांनी एक जुनी विलायती गाडी घेतली, चार दारांची, पाठ गोल असलेली. कारखान्यातून आल्यावर रोज थोडं थोडं काम करून त्यांनी ती मुलीसाठी बदलली. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली, एक उभी पोलादी दांडी बसवली. दांडी पुढे ढकलली की तिच्या खालच्या टोकाला जोडलेली सळई ब्रेकचं पेडल दाबायची, आपल्याकडे ओढली की अ‍ॅक्सिलरेटर. क्लच डाव्या पायानं दाबायचा, तो पाय धडधाकट होता. गिअर स्टिअरिंगलाच होता, डाव्या हाताशी. म्हणजे उजव्या पायाचं सगळं काम उजव्या हाताकडे गेलं, बाकी गाडी इतरांसारखीच.

त्या गाडीतून अक्का निवृत्त होईपर्यंत कॉलेजात गेल्या. मधे अप्पा वारले. पुढे पेठेतल्या वडिलोपार्जित घराच्या वाटण्या झाल्या, अक्कांच्या वाट्याला हा फ्लॅट आला आणि गाडी ठेवायला जागा उरली नाही. भावानं ती विकली. घेणाऱ्यानं दांडी काढून टाकली एवढं त्यांच्या कानावर आलं होतं, पुढचं काही नाही.

बोलता बोलता त्यांनी गाडीचा नंबर सांगितला होता. मी बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मापतपासणीचं काम करतो. मशीनवरून उतरलेला भाग नकाशाबरहुकूम आहे की नाही हे बघण्यावर माझं पोट. आकडा एकदा कानात गेला की तो बाहेर पडत नाही, याबद्दल घरात माझी थट्टा होते. वाढदिवस विसरतो आणि नंबर लक्षात ठेवतो, असं बायकोचं म्हणणं.

तो नंबर मला के. आर. पुरमला दिसला. पुण्याहून येणाऱ्या मेव्हण्याला घ्यायला स्टेशनवर निघालो होतो. एका मंडप-डेकोरेशनवाल्याच्या आवारात ताडपत्रीखालून गाडीचं नाक बाहेर आलेलं होतं. रंग लालभडक, कडेनं सोनेरी पट्टे, चाकं रुंद, छप्पर कापून उघडी केलेली. लग्नात नवरदेव उभा राहावा म्हणून. नंबराची पाटी मात्र तीच. मी तिथेच गाडी थांबवली. मेव्हणा स्टेशनवर ताटकळला, तो अजून बोलून दाखवतो.

अक्कांना फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल बराच वेळ हातात धरला. मला वाटलं, छप्पर कापलेलं बघून त्या म्हणतील, राहू दे. त्या म्हणाल्या, "हिला परत आणायची. होती तशी करायची. आणि मी चालवणार."

त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता, तारीख ठरल्यासारखा सूर होता. त्या दिवसापासून आमच्या दोन घरांमधला विषय एकच: अक्का ती गाडी पुन्हा स्वतः चालवू शकतील का.

घासाघीस करून अक्कांनी मंडपवाल्याकडून गाडी विकत घेतली. ती दुरुस्त करणाऱ्या माणसाचा शोध मला फार घ्यावा लागला नाही. बोम्मसंद्र्यातच, आमच्या कारखान्याच्या मागच्या गल्लीत एक शेड होती. तिचे मालक पूर्वी इंजिनिअर होते. नोकरी सोडून जुन्या गाड्या मूळ रूपात आणण्याचं काम ते करत. आमच्या कारखान्यात जी शिस्त दहा माणसं पाट्या लावून पाळतात, ती या माणसानं एकट्यानं आपल्या शेडमध्ये ठेवली होती. उघडलेला प्रत्येक स्क्रू ज्या भोकातला, त्याच भोकाच्या चिठ्ठीसह डब्यात. मी पहिल्याच भेटीत त्यांच्यावर खूश झालो.

भांडण झालं ते "मूळ" या शब्दावरून. मालकांकडे त्या गाडीचं कंपनीचं जुनं पुस्तक होतं. त्यात दांडी नव्हती. ते अक्कांना कन्नडमध्ये अदबीनं समजावून सांगत होते की, छप्पर मी परत घालीन, चाकं बदलीन, रंग शोधीन, पण गाडी मूळ रूपात आणायची तर पुस्तकात आहे तशीच आणली पाहिजे. नंतर कुणी केलेला बदल, मग तो चांगला असो वा वाईट, बदलच. त्यांच्या हिशेबी अप्पांची दांडी आणि मंडपवाल्याचे सोनेरी पट्टे एकाच यादीत होते.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्याशी थेट न बोलता मला मराठीत म्हणाल्या, "यांना सांग, पुस्तकातली गाडी मी कधी चालवलीच नाही."

माझ्या मोडक्या कन्नडमध्ये मी ते सांगितलं. मालकांनी पुस्तक मिटलं. पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला: सार, दांडीचं माप कुठून मिळेल?

या माणसाबद्दलचा माझा आदर त्या फोननं दुप्पट झाला. आपल्या विद्येत पक्का असलेला माणूस मत बदलतो तेव्हा त्याला ते किती जड जातं, हे मी रोज कारखान्यात बघतो. बहुतेक जण बदलत नाहीत.

काम वर्षाहून जास्त चाललं. कंपनीच्या बसनं घरी निघण्याआधी मी शेडमध्ये चक्कर मारायचो. छपरासाठी मालकांनी कोइमतूरच्या एका भंगारवाल्याकडून तशाच गाडीचं छप्पर मिळवलं. रंगासाठी त्यांनी डॅशबोर्डमधल्या खणाच्या आतला कोपरा खरवडला. आधी लाल, मग सोनेरी, मग पांढरा, आणि सगळ्यात खाली फिकट हिरवट. मी त्याचा फोटो अक्कांना दाखवला. त्या म्हणाल्या, फोटोत काय कळतंय, शहाळं फोडल्यावर आत दिसतो तो रंग. मालकांनी खरोखर एक शहाळं आणून त्याच्या करवंटीशेजारी रंगाच्या पट्ट्या धरल्या. दोन पट्ट्या बाद केल्या, तिसरी ठेवली. तशी ती गाडी रंगवली.

दांडी हा माझा भाग होता. दांडी गेली होती, पण ती ज्या पोलादी पट्टीवर टांगलेली होती ती पट्टी डॅशबोर्डखाली शाबूत होती. खाली वाकून कोण बघतो, म्हणून ती वाचली. अप्पांच्या हातचं काम मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. कडा कानशीनं गोल केलेल्या, ज्या कडेला कधीच कुणाचा हात लागणार नव्हता तीसुद्धा. पट्टीला दोन भोकं होती. एक झिजून लांबट झालेलं, दांडीची खीळ वर्षानुवर्षं त्यात फिरलेली. दुसरं त्याच्या अलीकडे, ड्रायव्हरच्या बाजूला, अडतीस मिलिमीटरवर. ते अगदी गोल, कोरं. त्यात कधीही काही फिरलेलं नव्हतं.

अक्कांकडे एक फोटो होता. तरुण अक्का स्टिअरिंगवर, दार उघडं, हातात दांडी. स्टिअरिंगच्या चाकाचा व्यास मला मोजता येत होता. त्या प्रमाणावरून मी फोटोतल्या दांडीची लांबी काढली, वाकाचा कोन काढला, झिजलेल्या भोकापासूनचं अंतर काढलं. तीनदा केलं, तीन मिलिमीटरच्या आत जुळलं. दोन रविवार मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो होतो. बायको म्हणाली, आपल्या गाडीचं सर्व्हिसिंग राहिलंय, तिचाही एखादा जुना फोटो शोधू का?

दुसऱ्या भोकाचं काय करायचं, असं मालकांनी विचारलं. मी म्हणालो, ड्रिल चुकलं असेल, भरून टाका. त्यांनी मान तिरकी केली. राहू द्या की, म्हणाले, भोक काही जेवायला मागत नाही. मला ते पटेना. झिजलेल्या भोकातही आम्ही नवी बुश, धातूची गोल कडी, बसवत होतो, मग शेजारी एक निरर्थक भोक कशाला? फोटोवरून आलेलं माप झिजलेल्या भोकाशी जुळत होतं, दुसऱ्याशी नाही. त्यांनी माझ्या आग्रहाखातर ते वेल्डिंगनं भरलं, घासलं, वर काळा रंग दिला. बोट फिरवलं तरी कळेना. मला समाधान वाटलं. अक्कांना हे सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आधीच्या रविवारी आम्ही अक्कांना शेडमध्ये नेलं. गाडी दाराशी उभी होती, शहाळ्याच्या रंगाची. अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कुबडी माझ्या हातात दिली आणि मदत न घेता आत बसल्या. आधी पाठ टेकली, मग हातानं उजवा पाय उचलून आत घेतला. ती हालचाल त्यांच्या अंगात होती. दांडीवरची लाकडी मूठ त्यांनी न बघता पकडली. मी मालकांकडे पाहिलं. ते दुसरीकडे बघत होते, डोळे पुसण्यासाठी असावं.

इंजिन बंदच होतं. मी म्हणालो, अक्का, आधी ब्रेक पूर्ण दाबून बघा. मी खाली बसून पेडलजवळ मोजपट्टी धरली. त्यांनी दांडी ढकलली. पेडल खाली गेलं, थांबलं. अजून दोन इंच जायला हवं होतं.

"पूर्ण ढकला," मी म्हणालो.

"हीच पूर्ण."

मी वर पाहिलं. त्यांचा हात कोपरात वाकलेलाच होता. खांदा सीटपासून सुटून पुढे आला होता, चेहऱ्यावर कळ दिसत होती. हात त्याच्या पुढे सरळ होत नव्हता. त्यांनी पुन्हा ढकललं, तिसऱ्यांदा ढकललं. दोन इंच काही कमी होईनात. दोन इंच अपुरा ब्रेक म्हणजे ब्रेक नाहीच, हे सांगायला माझी गरज नव्हती. त्यांनाच ते जास्त कळत होतं.

मालकांनी हळूच म्हटलं, दांडी अलीकडे घेऊ या. आणि मी, काय सांगू, मी विरोध केला. म्हणालो, माप बरोबर आहे, मी तीनदा काढलंय. अलीकडे घेतली तर ती अप्पांची दांडी राहणार नाही. एवढा खटाटोप करून आपण मूळ मापापासून हटायचं का?

अक्का समोरच्या काचेतून बघत होत्या. मला वाटलं, त्या म्हणतील की राहू दे, गाडी झाली हेच खूप. त्या वळून म्हणाल्या, "पुणेकर, अप्पांनी माप कशाचं घेतलं होतं? दांडीचं?"

मी मोजपट्टी खाली ठेवली.

"माझ्या हाताचं घेतलं होतं. दर आयुधपूजेला. हार घालायच्या आधी मला इथे बसवायचे, टेप घेऊन इथे वाकायचे, म्हणायचे, ढकल. मग खालच्या सळईचा आटा अर्धा फेरा, एक फेरा फिरवायचे. मी ओरडायची, अप्पा, मी काय दरवर्षी वाढते? ते म्हणायचे, वाढत नसशील, बदलतेस." त्यांनी डॅशबोर्डखाली बोट दाखवलं. "शेवटच्या वर्षी त्यांनी एक भोक अलीकडे पाडून ठेवलं. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, हे नंतर लागेल, तेव्हा मी नसेन. ते बघ ना. ते लाव."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. सांगणं त्यांनी माझ्यावर सोडलं, ते उपकार मी विसरणार नाही.

मी सांगितलं. भोक होतं, ते चुकीचं समजून मी भरायला लावलं. अक्का ऐकत राहिल्या. मग हसल्या. आधी थोडं, मग खांदे हलतील इतकं.

"अप्पा टूलरूममध्ये होते," त्या म्हणाल्या. "त्यांनी चुकून भोक पाडलं असतं तर ते तुला दिसलं नसतं. त्यांनीच भरून टाकलं असतं, तुझ्यापेक्षा साफ."

हे वाक्य मला कारखान्यात भिंतीवर लावावंसं वाटतं.

भरलेलं भोक पुन्हा नेमकं शोधणं हे त्या गाडीवरचं माझं शेवटचं मोजमाप. अडतीस मिलिमीटर हा आकडा माझ्या डोक्यात होता, तेवढाच माझा उपयोग झाला. मालकांनी त्याच दुपारी रंग खरवडला, खूण केली, ड्रिल चालवलं. दांडी त्या भोकात टांगली, खालची सळई तेवढी लांब केली. अक्का मधल्या वेळात शेडच्या दारात खुर्ची घेऊन बसल्या होत्या आणि समोरच्या हॉटेलातून आलेली इडली खात होत्या. त्यांना मुळीच घाई नव्हती.

अक्कांना पुन्हा आत बसवलं. ढकललं. पेडल गेलं, गेलं आणि तळाच्या बोटभर आधी थांबलं.

अप्पांचाही अंदाज थोडा चुकला होता. मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. अक्कांनी आपल्या हाताकडे, मग दांडीकडे पाहिलं. "अप्पांनी म्हातारीचा हात स्वल्प लांब धरला," त्या म्हणाल्या. "सरी, ठीक आहे. आटा फिरवा."

मालकांनी मला पाना दिला. स्वतः केलं असतं तर त्यांचं लवकर झालं असतं, पण त्यांनी तो मला दिला. मी गाडीच्या दाराशी उकिडवा बसलो, टेप काढली, अक्कांच्या खांद्यापासून मुठीपर्यंत धरली. "ढकला," म्हणालो. सळईचा आटा एक फेरा फिरवला. पुन्हा ढकला. अजून अर्धा. चौथ्या खेपेला पेडल टेकलं आणि अक्कांचं कोपर वाकलेलंच राहिलं, सैल, जरासं उरलेलं. अप्पांनी तेच बघितलं असतं, असं मला वाटतं. हात पुरतो का यापेक्षा पुरून उरतो का.

आयुधपूजेच्या दिवशी बोम्मसंद्र्याचे सगळे कारखाने बंद असतात. यंत्रांना हार घालून, कुंकू लावून, कोहळा फोडून लोक घरी जातात, रस्ते मोकळे पडतात. अक्कांना रस्त्यावर जायचं होतं. मी लायसन्सचा मुद्दा काढला. ते कधीचं संपलेलं. त्या म्हणाल्या, तुझ्यासारखा माणूस अप्पांनी जावई म्हणून पसंत केला असता, मी नाही. पण शेडमागच्या आवारातच चालवायचं त्यांनी मान्य केलं. आवार बऱ्यापैकी मोठं होतं, वळायला दोन्ही टोकांना जागा होती.

माझी बायको झेंडूचे हार घेऊन आली होती. मालकांनी बॉनेटला गंध लावलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मी हार घालायला पुढे झालो तर अक्का आतून म्हणाल्या, "आधी माप."

मी टेप घेऊन वाकलो. त्यांनी ढकललं. काही फिरवावं लागलं नाही. मग हार घातला.

मी त्यांच्या शेजारी बसलो. इंजिन पहिल्या खेपेला लागलं. क्लच, गिअर, मग उजव्या हातानं दांडी हलकेच आपल्याकडे. लिंबं फुटल्याचा आवाज आला आणि गाडी निघाली. मी आजवर अनेक चांगल्या चालकांच्या शेजारी बसलोय. इतक्या कमी हालचालीत गाडी चालवणारं माणूस पाहिलेलं नाही. गिअर बदलताना दांडी सुटायची, उजवा हात स्टिअरिंगवर यायचा, डावा गिअरवर जायचा, पुन्हा आपापल्या जागी, आणि यात कुठे सांधा दिसायचा नाही. टोकाशी भिंत आली. मी नकळत माझे दोन्ही पाय दाबले. अक्कांनी भिंत खांद्याशी येऊ दिली, मग वळवलं.

दुसऱ्या फेरीत त्यांनी वेग वाढवला. फाटकाजवळ मालक कोहळा हातात घेऊन उभे होते. त्यांच्यापासून चांगल्या अंतरावर अक्कांनी दांडी ढकलली, पूर्ण, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. आरशाला घातलेला हार हलत राहिला.

त्यांनी इंजिन बंद केलं नाही. मूठ तशीच धरून जरा वेळ बसल्या. श्वास लागला होता, कपाळावर घाम होता. दांडी धरलेलं कोपर मात्र अजून सैल होतं, ते मी बघून घेतलं.

"तुझ्या बायकोला बसायचं असेल तर उतर," त्या म्हणाल्या. मी उतरलो. बायको आत बसली. दार लावताना अक्कांनी खिडकीतून माझ्या खिशाकडे बोट केलं. टेपचं टोक बाहेर लोंबत होतं.

"ती नीट ठेव," म्हणाल्या. "पुढच्या वर्षी लागेल."

आणि दांडी आपल्याकडे ओढून त्या निघाल्या.